आजोबा एवढे काळे कसे झाले?



परवा टपालानं एक जाडसर पाकीट आलं. उघडलं तर आतून कागदाचे चार तुकडे खाली पडले आणि मागोमाग एक चिठ्ठी. चिठ्ठी होती नागपूरच्या महाल भागातल्या, आठवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीची. 'नाव छापायचं नाही' असं तिनं दोनदा अधोरेखित करून बजावलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते :

'तीन संध्याकाळी बसून मी आमच्या आजोबांचं चित्र काढलं. पेन्सिलीत इतकं छान जमलं होतं की आई म्हणाली, अगदी हुबेहूब! मग त्यावर शाईनं शेडिंग करायला घेतलं आणि अर्ध्या तासात सगळ्याचा विचका झाला. आजोबा चित्र पाहून म्हणाले, "काहून गं, मी एवढा काळा कधी झालो? उमरेडच्या कोळसा खाणीतून आलो का काय?" सगळे हसले. मी चित्र फाडून टाकलं. पण तुकडे फेकवले नाहीत. आता शाईला हात लावायचीच भीती वाटते. पेन्सिलीचं निदान खोडता तरी येतं.'

मी ते चार तुकडे टेबलावर जुळवले, मागून चिकटपट्टी लावली आणि भिंग घेऊन बसलो. शाईच्या चित्राची एक गंमत असते बरं का! ते कसं काढलं याचा सगळा पुरावा कागदावरच राहतो. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, कुठे हात सावकाश चालला, कुठे घाई झाली, सगळं दिसतं. या चित्रात आजोबांचा डावा कान सगळ्यात आधी झालाय. सात-आठच रेघा, कानाच्या वळणाबरोबर वळलेल्या, आणि मधे कागद कोरा सोडलेला. खरं सांगतो, इतका छान कान मलाही दर वेळी जमत नाही. मग गालापर्यंत येता येता रेघा दाटल्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली आली. हनुवटीपाशी तर पेन इतकं दाबलंय की रेघा कागदाच्या पाठीवर उठल्यात. म्हणजे काय झालं असणार? गाल जरा काळा झाला. तो कपाळाशी जुळेना म्हणून कपाळ काळं केलं. मग मान फिकी वाटायला लागली. असं करता करता आजोबा उमरेडला पोचले!

हे तिचंच होतं असं नाही. शाईनं पहिल्यांदा शेडिंग केलं तेव्हा मी बैल काढायला बसलो होतो. उठलो तेव्हा म्हैस झाली होती.

याचं कारण असं की आपण पेन्सिलीच्या सवयीनं शाई वापरायला जातो. पेन्सिल मोठी दयाळू. हलक्या हातानं फिरवली की फिकी, दाबली की गडद. शिवाय मदतीला बोट असतंच. एलिमेंटरी नाहीतर इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या ताई-दादांना विचारा, वस्तुचित्राच्या पेपरात माठाची सावली बोटानं घासून गुळगुळीत करायचा मोह त्यांना किती वेळा झाला ते! शाईवर बोट फिरवलं तर काय होईल ते मी सांगायला नकोच. आणि पेन दाबलं म्हणून शाई जास्त काळी होत नाही, फक्त रेघ जाड होते. शाई काळी, कागद पांढरा. मधला करडा रंग दौतीत नसतोच.

मग शाईच्या चित्रांत तो दिसतो कसा? एक करा. आजचं वर्तमानपत्र घ्या, त्यातला एखादा काळा-पांढरा फोटो शोधा आणि त्यावर भिंग धरा. काय दिसलं? ठिपके! गालावर बारीक बारीक, केसांत मोठे, एकमेकांना चिकटलेले. छापखान्यात करडी शाई वापरलेलीच नाही. भिंग बाजूला केलं की ठिपके आणि मधला पांढरा कागद यांची आपल्या डोळ्यातच सरमिसळ होते आणि आपल्याला करडा गाल दिसतो. फोटोचे असे ठिपके पाडायची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापखान्यांत रुळली. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं जस्ताच्या साध्या ठशावरून चित्र छापायचं तर काळं किंवा पांढरं एवढंच उमटायचं. म्हणून जुन्या मासिकांचे चित्रकार रेघा आणि ठिपके यांतूनच सगळ्या छटा काढायला शिकले. घरात एखादा जुना दिवाळी अंक असेल तर तोही भिंगाखाली धरा.

तेव्हा मैत्रिणी, तू कागद काळा करत होतीस तेव्हा खरं काम रेघांच्या मधला पांढरा भाग करत होता. तो संपला आणि चित्रातला उजेडच संपला.

आता पेन हातात घ्या. कुठलंही चालेल. साधं काळं जेल पेन, नाहीतर टाक आणि दौत. एका कोऱ्या कागदावर अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठे पाच चौकोन ओळीनं आखा. पहिला तसाच सोडा. दुसऱ्यात तिरप्या समांतर रेघा ओढा, दोन रेघांत तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं अंतर ठेवून. तिसऱ्यात त्याच रेघा निम्म्या अंतरानं. चौथ्यात तिसऱ्यासारखंच करा, शाई वाळू द्या, मग त्यावर दुसऱ्या दिशेनं रेघांचा एक थर द्या. पाचव्यात आणखी एक थर, आणखी तिसऱ्या दिशेनं. कागद भिंतीला टेकवून ठेवा, चार पावलं मागं या आणि डोळे किलकिले करून बघा. पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत पाच पायऱ्या दिसल्या पाहिजेत. दोन पायऱ्या सारख्याच दिसत असतील तर पुन्हा करा. माझ्या ओळखीचा एक मुलगा म्हणाला, 'हे तं बोअर काम आहे, सर!' आहेच. पण चित्र काढताना कुठे थांबायचं ते या पाच चौकोनांनीच कळतं.

रेघांवर रेघांचा थर देतो त्याला क्रॉस हॅचिंग म्हणतात. त्यातली एक खोड आधीच सांगून ठेवतो. दुसरा थर पहिल्याला अगदी काटकोनात टाकलात तर खिडकीची जाळी दिसते आणि नजर जाळीवरच अडकते. आजोबांच्या गालावर जाळी कशाला? दुसरा थर थोडाच तिरपा टाका, लांबट शंकरपाळ्यांसारखी घरं पडतील इतपत. ओल्या रेघेवरून टाक नेला तर निब कागदाचा तंतू उचलते आणि तिथे डाग पडतो. त्यामुळे घाई असेल त्या दिवशी हे काम करूच नका. रेघ ओढायची, ढकलायची नाही. आणि रेघेच्या शेवटी पेन हळूच उचला, म्हणजे टोक निमुळतं होऊन उजेडात विरून जातं. मनगट अवघडत असेल तर हात वाकडा करू नका, कागद फिरवा!

आता उजेडाकडे वळू. आपल्या मैत्रिणीनं आजोबांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली दिली होती. तिला विचारलं तर ती म्हणेल, 'नाकाला सावली असतेच ना!' असते, पण उजेड ज्या बाजूनं येतो तिच्या उलट बाजूला. तेव्हा पेन उघडायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बाण काढा : उजेड इकडून. चित्र पूर्ण होईपर्यंत तो बाण बदलायचा नाही. उजव्या हातानं काढणाऱ्यांनी डावीकडून उजेड घ्यावा, म्हणजे आपल्याच हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट.

नागपूरकरांना उजेडाबद्दल मी काय शिकवणार? पण एक गोष्ट तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलीय? नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या काठीची सावली तेव्हा नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मेमध्ये बघायचं, टोपी घालून आणि पाणी पिऊन. गंमत पाहायला तो दिवस उत्तम, चित्र काढायला मात्र अगदी वाईट! वरून पडलेल्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाखाली मिशीसारखा डाग पडतो आणि इमारती तर पुठ्ठ्याच्या दिसतात. तेच गांधी गेटपाशी हिवाळ्यात दुपारी चारनंतर जाऊन बघा. कमानीच्या आतला भाग गडद, एका बाजूचे दगड उजळलेले, दुसऱ्या बाजूचे मधल्या छटेतले. पाच चौकोनांतले सगळे चौकोन तिथे सापडतील. रस्त्यात उभं राहून मात्र काढू नका. रहदारी फार असते.

उजेड ठरला. आता रेघ कुठल्या दिशेनं ओढायची? आपल्या मैत्रिणीनं गालावर, टोपीवर आणि मागच्या भिंतीवर एकाच तिरप्या दिशेनं रेघा ओढल्या. त्यामुळे तिन्ही गोष्टी एकाच पातळीवर आल्या. जणू आजोबा भिंतीवर रंगवलेले! यावर मी एक सोपी युक्ती वापरतो. समजा, एक मुंगी त्या वस्तूवरून चालत गेली. तिचा रस्ता जसा वळेल तशी रेघ वळवायची. भिंतीवर मुंगी सरळ जाईल. गालावर वर चढून पलीकडे उतरेल. टोपीच्या घडीत खाली जाऊन पुन्हा वर येईल.

ही युक्ती माझी नाही म्हणा. जुने नकाशे काढणाऱ्यांना ती चांगली ठाऊक होती. सीताबर्डीजवळचा झिरो माइलचा खांब आणि ते घोडे तुम्ही पाहिलेच असतील. ब्रिटिशांच्या काळातल्या देशाच्या मोजणीशी त्या जागेचं नातं सांगतात. त्या काळातले नकाशे कधी बघायला मिळाले तर त्यांतले डोंगर बघा. डोंगराच्या उतारावरून पाणी जसं वाहील तशा बारीक रेघा मारलेल्या असतात. योहान गेओर्ग लेमान नावाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानं १७९९ मध्ये त्याचा नियमच घालून दिला : उतार जितका तीव्र तितकी रेघ जाड. सपाट जागा कोरीच. रंग नाही, फोटो नाही, तरी कागदावर डोंगर उभा राहतो! आजोबांचं नाक म्हणजे तरी काय, एक छोटा डोंगरच की.

चेहऱ्याआधी सरावासाठी काय घ्यावं? नागपुरात राहून हा प्रश्न पडायला नको. संत्रं घ्या! खिडकीशी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पाच मिनिटं पेन न उचलता नुसतं बघा. उजेडाच्या बाजूला एक चकाकणारा ठिपका दिसेल. तिथे शाई लागू द्यायची नाही, काही झालं तरी. तिथून साल हळूहळू गडद होत जाते. पण नीट बघा, सगळ्यात गडद भाग अगदी कडेला नसतो, कडेच्या जरा अलीकडे असतो! कडेवर पुन्हा थोडा उजेड दिसतो. तो कुठून आला? खालच्या पांढऱ्या कागदावर पडलेला उजेड उलट वर फेकला जातो, त्यातून. कागद काढून काळं कापड घाला, तो उजेड जवळजवळ नाहीसा होईल. करून बघाच. ही कड ज्यांनी सोडली त्यांचं संत्रं गोल दिसतं. ज्यांनी कडेपर्यंत काळं केलं त्यांचं संत्रं अर्धं कापल्यासारखं दिसतं.

संत्र्याला रेघांपेक्षा ठिपके शोभतात, कारण सालीवरच बारीक खड्डे असतात. त्या खड्ड्यांच्या तळाशी तेलाच्या इवल्या पिशव्या असतात. साल दाबली की डोळ्यात चुरचुरतं ते तेच तेल. पण खड्डे दिसतात म्हणून सगळीकडे ठिपके टाकू नका. चकाकणाऱ्या भागात खड्डे पुसले जातात, गडद भागात बुडून जातात. सगळ्यात स्पष्ट दिसतात ते मधल्या पट्ट्यात, जिथे उजेड संपून सावली सुरू होते. तिथेच ते नीट दाखवले की बाकीच्या सालीवरचे खड्डे बघणारा स्वतःच मनानं भरून घेतो. ठिपका देताना पेन उभं धरा, टेकवा, उचला. घाईनं टकटक करत गेलात की ठिपक्यांना शेपट्या फुटतात आणि संत्र्याऐवजी बेडूकमाशांचं तळं तयार होतं. एका संत्र्याला तासभर लागला तर वेळ वाया गेला असं समजू नका.

शेडिंगची जादू किती चालते याची एक गोष्ट सांगतो. १५१५ साली गुजरातच्या सुलतानानं भेट दिलेला एक गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून जहाजातून लिस्बनला नेला. युरोपात शेकडो वर्षांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारानंही तो पाहिला नाही. त्यानं दुसऱ्या कुणाचं वर्णन आणि कच्चं रेखाटन यांवरून आधी शाईनं चित्र काढलं आणि मग लाकडी ठशावरून ते छापलं. कातडीच्या जागी चिलखताच्या पत्र्यांसारखे पत्रे, पायांवर खवले आणि पाठीवर चक्क एक जादा शिंग! पण रेघांचं काम इतकं पक्कं, प्रत्येक पत्र्याची गोलाई इतकी पटणारी, की पुढं दोन-अडीचशे वर्षं युरोपातली पुस्तकं गेंडा म्हणून तेच चित्र छापत राहिली. ड्यूररला बिचाऱ्याला गेंडा बघायला मिळाला नाही. तुमचे आजोबा मात्र समोर बसलेत, तेव्हा नजर कागदावर कमी आणि त्यांच्यावर जास्त ठेवा.

आता सगळ्यात अवघड भाग. आजोबांचे केस पांढरे आहेत आणि कागदही पांढरा. मग केस दाखवायचे कसे? मैत्रिणीनं केसांवर रेघा मारल्या आणि आजोबा एकदम तरुण झाले! इथे गोव्याच्या मारिओ मिरांडांची (१९२६–२०११) चित्रं बघावीत. चित्रकलेचं रीतसर शिक्षण न घेतलेला हा माणूस लहानपणापासून डायऱ्यांत चित्रं काढत आला आणि पुढे देशभर नावाजला गेला. मुंबईत कुलाब्याच्या एका कॅफेच्या भिंतींवर त्यांची मोठाली चित्रं आहेत. त्यांच्या गर्दीच्या चित्रांत एकेका माणसाकडे बघा. पांढरा सदरा असेल तर त्याच्यामागं काळा दरवाजा, पट्ट्यापट्ट्यांचा पडदा नाहीतर ठिपक्यांची साडी. सदऱ्याला हात न लावता त्यांनी तो पांढराशुभ्र केलेला असतो. तसंच आजोबांच्या केसांचं. केस कोरे सोडायचे आणि मागची भिंत चौथ्या चौकोनाएवढी गडद करायची. केस आपोआप पुढं येतील. केसांच्या आत दोन-चार बारीक रेघा पुरेत, त्याही सावलीच्या बाजूला.

शाईबद्दल थोडं. दुकानात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मिळते, ती फाउंटन पेनात कधीही भरू नका. आत वाळून बसली की पेन गेलंच समजा. ती टाकासाठीच. नागपूरच्या उन्हाळ्यात ती निबेवरच घट्ट होते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी आणि फडकं ठेवून निब अधूनमधून धुवायची. पावसाळ्यात कागद सर्दावतो आणि रेघेला पिसं फुटतात. तेव्हा आधी कोपऱ्यावर एक रेघ मारून बघा. पेन्सिलीच्या रेघा खोडायच्या त्या शाई पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर तीन संध्याकाळचं काम खोडरबराखाली पसरतं. एखादा डाग पडलाच तर वाळल्यावर पांढरा पोस्टर कलर बारीक ब्रशनं लावून झाकता येतो. छापायच्या चित्रांवर मोठमोठे चित्रकारही हे करतात, मूळ चित्रं जवळून पाहिली की पांढरे ठिगळ दिसतात.

आणि आता महालातल्या मैत्रिणीसाठी. तुझं चित्र मी चिकटपट्टीसकट परत पाठवतोय. त्याच्यावर पांढरा रंग लावत बसू नकोस, तेवढं झाकणं कुणालाच जमणार नाही. पण ते फुकट गेलेलं नाही. सकाळी उजेड असलेल्या खिडकीच्या काचेवर ते धर, वर कोरा कागद ठेव आणि पेन्सिलीनं फक्त बाह्यरेषा उतरवून घे. नाक, टोपी, हनुवटी सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या तीन संध्याकाळी त्या काळ्या रेघांखाली शाबूत आहेत. कोपऱ्यात बाण काढ. कपाळाचा उजेड कुठे कोरा सोडायचा ते पेन्सिलीनं आखून ठेव. मग पुन्हा कानापासून सुरुवात कर आणि कान जेवढ्या सावकाश काढलास तेवढ्याच सावकाश गालाकडे ये. एका बैठकीत पूर्ण करू नकोस. पाच चौकोनांचा कागद शेजारी ठेव, चौथ्या चौकोनाच्या पुढं चेहऱ्यावर कुठेही जायचं नाही. पाचवा फक्त भिंतीच्या कोपऱ्यासाठी आणि टोपीखालच्या सावलीसाठी.

आजोबांना खिडकीशी बसव. ते हलतील, पेपर मागतील, चहा मागतील. म्हणून त्यांच्या हातात एक संत्रं दे. चित्रात हातही येईल आणि संत्रंही. फक्त चित्र होईपर्यंत ते सोलायचं नाही, हे आधीच कबूल करून घे.